वही, पेन्सिल आणि डंजन: जुन्या आरपीजी गेम्सबद्दल तुमचे प्रश्न

गेल्या अंकात जुन्या फँटसी आरपीजी गेम्सचा, म्हणजे एखादं पात्र घेऊन खेळायच्या रोल-प्लेइंग गेम्सचा, विषय निघाला आणि पत्रांचा नुसता पाऊस पडला. सगळ्यांना उत्तरं देणं जमणार नाही, पण जे प्रश्न पुन्हा पुन्हा आलेत ते घेतलेत, आणि एक असा घेतलाय जो एकदाच आला पण दोन दिवस माझ्या डोक्यातून जात नव्हता. तो शेवटी.

प्रश्न: दादा, कॉलेजात असताना बाल्डर्स गेटसाठी रात्र रात्र जागलोय. आता इतक्या वर्षांनी मोठ्या हौसेने पुन्हा घेतला आणि अर्ध्या तासात जांभया. पात्रं तलवार फिरवतात, काही लागत नाही, मग मरतात. मी बदललो की गेम तेव्हाही असाच होता?

उत्तर: दोन्ही. पण आधी गेमचं सांगतो, कारण त्यातला एक भाग निव्वळ हिशेबाचा आहे आणि तो कळला की निम्मी चिडचिड जाते. बायोवेअरने हा गेम डिसेंबर १९९८ मध्ये आणला, पाच सीडींवर, आणि त्याच्या पोटात डंजन्स अँड ड्रॅगन्स या टेबलावर फासे टाकून खेळायच्या खेळाच्या दुसऱ्या आवृत्तीचे नियम होते. पहिल्या लेव्हलच्या पात्राचा थॅको, म्हणजे वार लागण्याचा हिशेब ज्यावरून होतो तो आकडा, २० असतो. त्यातून समोरच्याचा आर्मर क्लास, म्हणजे चिलखताचा आकडा, वजा करायचा; तो ५ असेल तर वीस बाजूंच्या फाशावर १५ किंवा त्याहून जास्त पडायला हवेत, म्हणजे वीसपैकी फक्त सहा आकडे तुझ्या कामाचे, म्हणजे दहा वारांतले सात वाया. ताकदीचा वगैरे बोनस असेल तर थोडं बरं, पण सुरुवात ही अशीच. त्यात तू जादूगार घेतला असशील तर चार-सहा हिट पॉइंट, एक लांडगा पुरतो. फ्रेंडली आर्म इनच्या पायऱ्यांवर तो टार्नेश नावाचा जादूगार वाट बघत उभा असतो, त्याने माझी अख्खी पार्टी, म्हणजे सोबत्यांची टोळी, कितीतरी वेळा तिथेच संपवलीय, दारात पाऊल टाकायच्या आधी सेव्ह करायचं हे मी त्या पायऱ्यांवर शिकलो. तर हो, गेम तेव्हाही असाच होता.

आता तुझ्या बाजूचं. तुला जे आठवतंय ना, मिन्स्क आणि त्याचा तो हॅमस्टर बू, जाहेराचं फटकारणं, चालता चालता एकमेकांशी भांडणारे सोबती, त्यातलं बरंचसं दुसऱ्या भागातलं आहे, २००० साली आलेल्या. पहिल्या भागात सोबती फारच कमी बोलतात. क्लिक केल्यावर ठरलेली दोनचार वाक्यं आणि कोपऱ्यात एक छोटं चित्र, बस. बाकीचं तू भरलंस. कोण कोणावर चिडलाय, सोबतच्या इमोएनला आत्ता भीती वाटत असेल का, हे सगळं तुझ्या डोक्यात चालायचं आणि तेव्हा डोक्याला तेवढी फुरसत होती. मॅन्युअल आधी वाचून काढलेलं असायचं, एकच गेम महिनोनमहिने पुरवायचा असायचा, त्यामुळे त्या मोकळ्या जागा आपोआप भरल्या जायच्या. मानसशास्त्रज्ञ सांगतात की साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणी माणसाकडे सगळ्यात दाट असतात, तेही आहेच, पण मला विचारशील तर मोठं कारण हे रिकाम्या जागांचं आहे. आता तू लॅपटॉप उघडतोस तेव्हा बाजूला फोन असतो आणि गेम गप्प बसला की ती जागा फोन भरतो.

म्हणून एक कर. फोन दुसऱ्या खोलीत ठेव, पार्टीतल्या प्रत्येकाबद्दल एक ओळ कागदावर लिही, तो इथे का आलाय एवढंच, आणि नॅशकेलच्या खाणीपर्यंत जा. तोपर्यंत दोनतीन लेव्हल वाढलेल्या असतील आणि तलवारी लागायला लागलेल्या असतील. तिथेही कंटाळा आला तर खुशाल बंद कर आणि सरळ दुसरा भाग लाव, तो आजही पहिल्या तासातच धरतो.

प्रश्न: डियाब्लोला आरपीजी म्हणायचं का? मित्राशी वाद झालाय.

उत्तर: म्हणा की. तो 'रोग' (Rogue) नावाच्या १९८० च्या गेमच्या वंशातला आहे, दर वेळी नवीन डंजन तयार होतं, लेव्हल वाढते, वस्तू सापडतात. पात्र म्हणून निर्णय घ्यायला मात्र त्यात जवळपास काही नाही, एवढं मित्राचं मान्य करा आणि वाद मिटवा.

प्रश्न: मी २२ वर्षांची आहे, बाल्डर्स गेट ३ पासून सुरुवात झाली आणि वेड लागलं. आता मागे जायचंय. १९७०च्या दशकापासून क्रमाने खेळू का? आणि हे थॅको प्रकरण काय आहे, तीनदा वाचलं तरी डोक्यात शिरत नाही.

उत्तर: क्रमाने अजिबात नको, तिसऱ्या गेमला सोडून देशील. इतिहास मागून पुढे वाचतात पण गेम्स पुढून मागे खेळलेले बरे, एकेक पायरी उतरत.

थॅको आधी. नाव विसर. तो एक आकडा आहे, त्यातून शत्रूचा आर्मर क्लास वजा करायचा आणि जे उत्तर येईल तेवढे किंवा जास्त फाशावर पडले की वार लागला. म्हणून थॅको कमी तितका चांगला, आणि चिलखतही उलटं, शून्यापेक्षा उणे दोन चांगलं. वजाबाकी उणे आकड्याची आली की बेरीज होते आणि तिथेच सगळे गोंधळतात. २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीने हे सरळ केलं, जास्त म्हणजे चांगलं, आणि तू जे खेळलीस ते त्या सरळ केलेल्याच्या पुढचं आहे. जुन्या गेममध्ये हिशेब कॉम्प्युटरच करतो, तुला फक्त दुकानात चिलखत घेताना कमी आकडा बघायचाय.

दुसरा फरक लढाईचा. तुझ्या गेममध्ये प्रत्येकाची पाळी येते, जुन्यात सगळे एकाच वेळी मारत सुटतात आणि तू स्पेसबार दाबून थांबवायचं. सेटिंगमध्ये ऑटो-पॉज असतो, शत्रू दिसला की थांब, कोणी जखमी झालं की थांब, सगळे पर्याय लावून ठेव, लाजायचं कारण नाही.

सुरुवात प्लेनस्केप: टॉर्मेंटने कर. १९९९, ब्लॅक आयल स्टुडिओचा. शवागारात एक माणूस जागा होतो, अंगभर जखमांचे व्रण, स्वतःचं नाव आठवत नाही, मरण येत नाही, आणि समोर एक तरंगती बोलकी कवटी. लढाया त्यात सगळ्यात कमकुवत आहेत हे मी आधीच सांगतो, पण त्यात साधारण आठ लाख शब्द आहेत आणि ते वाचण्यासाठीच तो खेळायचा. शरीर आणि शक्ती सोडून दे, सगळे गुण विस्डम, इंटेलिजन्स आणि करिश्म्यात घाल. तुझ्या गेममध्ये चेहरे बोलतात, डोळे भरून येतात, इथे जवळपास सगळा मजकूरच आहे आणि डियोनारा नावाचं भूत पहिल्यांदा बोलतं तेव्हा तिचा आवाज कसा असेल हे बऱ्याच अंशी तुलाच ठरवावं लागतं. ते जमलं तुला, आवडलं, तर मग बाल्डर्स गेट २, आणि मग खाली खाली कितीही जा.

प्रश्न: डॉसच्या काळातल्या सीडी आणि फ्लॉपी जपून ठेवल्यात. एक गेम चालू झाला पण सगळं इतक्या वेगात पळतंय की दिसतच नाही, बाकीचे इन्स्टॉलच होत नाहीत. काय करू?

उत्तर: सगळ्यात आधी, आजच, त्या डिस्कच्या इमेज, म्हणजे फाइलच्या रूपात जशाच्या तशा प्रती, करून घ्या आणि दोन ठिकाणी ठेवा. फ्लॉपीवरचं चुंबकत्व हळूहळू जातं आणि सीडीचा थरही खराब होतो, गेम चालवायचं नंतर बघता येईल पण डिस्क गेली की गेली.

वेगाचं कारण असं की त्या काळातले बरेच गेम घड्याळ बघून चालत नव्हते, प्रोसेसर किती भरभर काम करतो त्यावरच चालत होते. आजच्या मशिनवर ते सुसाट सुटतात. डॉसबॉक्स नावाचा प्रोग्राम घ्या, जुना डॉस कॉम्प्युटर असल्याचं सोंग करतो, फुकट आहे, त्यात सायकल्सचा, म्हणजे त्या नकली प्रोसेसरच्या वेगाचा, आकडा कमी-जास्त करून गेमला हवा तो वेग देता येतो, चालू गेममध्येही. इन्स्टॉल न होणाऱ्यांपैकी जे विंडोजचे आहेत त्यांचा इन्स्टॉलर बहुतेक १६ बिटचा असणार आणि ६४ बिटच्या विंडोजवर तो चालतच नाही, तुमच्या डिस्कचा त्यात दोष नाही. एवढं करायचं नसेल तर गॉग (GOG) या ऑनलाइन दुकानात यातले पुष्कळ गेम तयार करून ठेवलेले मिळतात, मॅन्युअलच्या पीडीएफसकट, आणि मॅन्युअल हवंच. पूल ऑफ रेडियन्स घ्या, १९८८ चा, त्यात गेम मध्येच सांगतो की जर्नलमधली अमुक नंबरची नोंद वाच, आणि ती नोंद स्क्रीनवर येतच नाही, ती छापील पुस्तिकेत असते. डिस्कवर जागा कमी म्हणून केलेली सोय, पण त्या पुस्तिकेत मुद्दाम खोट्या नोंदीही घातल्या होत्या, म्हणजे कोणी अधाशासारखं सगळं आधीच वाचून काढलं तर त्याची दिशाभूल व्हावी. मला ही कल्पना आजही फार आवडते.

प्रश्न: माझा मुलगा १२ वर्षांचा आहे. त्याच्याबरोबर बसून एखादा जुना गेम खेळायचाय, पण नुसती मारामारी नको. असा आहे का काही?

उत्तर: ताई, तुमच्यासाठी एकच नाव आहे, अल्टिमा ४, १९८५. आणि तो गॉगवर अधिकृतपणे फुकट आहे.

यात कोणी मोठा खलनायकच नाही. रिचर्ड गॅरियटने आधीचे तीन भाग तसे केले होते, दुष्टाला शोधा आणि संपवा, मग खेळणाऱ्यांची आणि पालकांची पत्रं त्याच्यापर्यंत यायला लागली आणि त्याच्या लक्षात आलं की लोक गेममध्ये सर्रास चोऱ्या करतात, वाटेत येईल त्याला मारतात आणि तरी शेवटी हिरो ठरतात. म्हणून चौथ्यात त्याने ध्येयच बदललं. आठ गुण आहेत, सचोटी, करुणा, शौर्य, न्याय, त्याग, मान, अध्यात्म आणि नम्रता, आणि ते आठही अंगी बाणवायचे. सुरुवातीला एक भविष्य सांगणारी बाई तुम्हाला पेचात टाकणारे प्रश्न विचारते, दोन्ही उत्तरं चांगली असतात आणि एकच निवडायचं असतं, त्यावरून तुमचं पात्र ठरतं. हे प्रश्न घाईने उडवू नका. मुलगा काय निवडतो आणि का, ते विचारा, आणि तुमचंही त्याला सांगा.

मग गंमत बघा. जादूसाठी लागणारं साहित्य विकणारी बाई आंधळी आहे, ती पैसे मोजू शकत नाही, किती द्यायचे ते तुम्हीच टाइप करायचं. कमी दिलेत तर ती काहीच बोलत नाही, माल मिळतो, गेम पुढे चालू राहतो. पण आत कुठेतरी सचोटीचा आकडा खाली गेलेला असतो आणि तो तुम्हाला दिसत नाही. भिकाऱ्याला पैसे दिले की करुणा वाढते, लढाईतून पळ काढला की शौर्य कमी होतं. राजवाड्यात हॉकविंड नावाचा एक द्रष्टा बसतो, त्याला जाऊन विचारलं की तो सांगतो तुमचं कुठे चुकतंय. मुलाने पहिल्यांदा त्या बाईला फसवलं तर टोकू नका, हॉकविंडकडे जाईपर्यंत थांबा. राक्षसांशी लढाया आहेत, पण चित्रं इतकी साधी आहेत की काळजी नसावी.

एक अडचण आहे. लोकांशी बोलताना शब्द टाइप करावे लागतात, नाव विचारा, काम विचारा, मग त्यांच्या उत्तरातला एखादा शब्द उचलून परत तोच विचारा, आणि कोण काय म्हणालं ते गेम लक्षात ठेवत नाही. एक वही हवी. लिहायचं काम त्याच्याकडे द्या.

प्रश्न: मॉरोविंडमध्ये मिशन कुठे आहे ते दाखवणारा बाण नव्हता तरी मजा यायची. मग नवीन गेम्समध्ये बाण बंद करून खेळलं तर तीच मजा येईल का? मी करून बघितलं, नुसता भरकटलो.

उत्तर: नाही येत, आणि चूक तुझी नाही. मॉरोविंड २००२ चा, त्यात बाण नाही म्हणून लिहिणाऱ्यांनी माणसांच्या तोंडी पत्ता घातलाय. पूल ओलांड, पाटी दिसली की डावीकडे वळ, टेकडीच्या मागे दार आहे. ते जर्नलमध्ये उतरतं आणि तू दगड न् दगड बघत चालतोस. नवीन गेम बाण गृहीत धरून लिहिलेले असतात, माणूस म्हणतो गुहेत जा, कुठली गुहा ते सांगतच नाही, मग बाण बंद केल्यावर उरणार काय? मॉरोविंडमध्ये एकदोन ठिकाणी दिशा चक्क चुकीच्या दिल्यात, उजवं-डावं उलट, त्यात मी एक अख्खी दुपार घालवलीय आणि तरी त्या दुपारी सापडलेली भलतीच थडगी मला मूळ मिशनपेक्षा जास्त लक्षात आहेत.

अजून एक, आता खेळणार असशील तर लांबचं दिसण्याचं अंतर फार वाढवू नकोस. ओपनएमडब्ल्यू या मॉरोविंड चालवायच्या नव्या प्रोग्रामवर ते सहज वाढवता येतं आणि मोह होतो. पण ते बेट तसं छोटं आहे, धुकं आणि आपली मंद चाल यामुळेच ते अफाट वाटायचं. धुकं काढलं की एका शहरातून दुसरं दिसायला लागतं. सेडा नीनला बोटीतून उतरशील तेव्हा त्या अजस्र किड्याच्या पाठीवर बसून बाल्मोराला जाता येतं, बसू नकोस, पहिल्यांदा तरी पायी जा.

प्रश्न: हा गेमचा प्रश्न आहे की नाही माहीत नाही. घर आवरताना माझ्या मोठ्या भावाची चौकटींची वही सापडली. प्रत्येक पानावर २० बाय २० चा चौकोन आणि आत भिंती, दारं, बाण. काही चौकटींत गोल फिरणारा बाण आहे, काही पूर्ण काळ्या केल्यात. समासात डुमापिक असा शब्द खूप वेळा लिहिलाय. पानांना १ ते १० आकडे आहेत पण ५ ते ८ कोरी आहेत आणि ९ वर पुन्हा काहीतरी काढलंय. शेवटच्या पानावर सहा नावं, त्यातली दोन खोडलेली. भावाला विचारलं तर म्हणाला असेल काहीतरी, आठवत नाही. मला उगाच चैन पडत नाहीये.

उत्तर: मलाही पडली नाही. ताई, ती विझर्डरी आहे, पहिली, १९८१ ची. अँड्र्यू ग्रीनबर्ग आणि रॉबर्ट वुडहेड या दोघांनी केलेली, मूळ अ‍ॅपल टूवर. त्यातल्या मजल्यांची संख्या १० आणि प्रत्येक मजला २० बाय २० चौकटींचा. स्क्रीनवर नकाशा नव्हताच, तारेच्या रेषांसारख्या भिंती दिसायच्या आणि आपण कुठे आहोत ते स्वतःच कागदावर मांडायचं. डुमापिक हा मंत्र आहे. तो म्हटला की जिन्यापासून किती पूर्वेला आणि किती उत्तरेला आहोत ते कळायचं. गोल बाण म्हणजे अशी चौकट जिच्यात पाऊल ठेवलं की गेम गुपचूप तोंड दुसरीकडे फिरवायचा आणि तुम्ही सरळ चाललोय असं समजून चुकीचा नकाशा काढत राहायचा. काळ्या चौकटी म्हणजे अंधाराचे पट्टे, तिथे उजेडाचा मंत्रही चालत नाही. समासातला डुमापिक कुठे कुठे आहे ते बघा, आसपास गोल बाण किंवा काळी चौकट असणार. तुमचा भाऊ जिथे जिथे हरवला तिथे तिथे त्याने थांबून तो मंत्र म्हटलाय.

५ ते ८ कोरी आहेत त्यात आळस नाही. चौथ्या मजल्यावर एक निळी फीत मिळते आणि ती असली की लिफ्टने थेट नवव्यापर्यंत जाता येतं, मधले मजले बघावे लागतच नाहीत. म्हणजे त्याला फीत मिळाली होती. चौथा मजला सोपा नव्हता हो, तिथे पोचलेला मुलगा चांगला खेळणारा होता.

आणि ती दोन खोडलेली नावं. या गेममध्ये सहा जणांची पार्टी असायची आणि कोणी मेलं की ते लगेच डिस्कवर लिहिलं जायचं, मागे जाऊन दुरुस्त करायची सोय नाही. देवळात नेऊन पैसे भरून जिवंत करायचा प्रयत्न करता यायचा, तो फसला तर त्या पात्राची राख व्हायची, आणि राखेवरचाही प्रयत्न फसला तर नाव कायमचं पुसलं जायचं. त्या नावांवरची रेघ एकदाच ओढलीय की खोडून पुन्हा लिहून पुन्हा खोडलंय ते मला कळवाल का?

आता भावाचं. त्याला गेमचं नाव सांगू नका, नाव ऐकून कदाचित आठवणारही नाही. वहीतली ती सहा नावं एकेक करून मोठ्याने वाचा. ती त्याने स्वतः ठेवली होती, बहुतेक शाळेतले मित्र किंवा घरातली माणसं असतील, कदाचित एक तुमचंही असेल. आणि ते झालं की एवढं सांगा की २०२४ मध्ये डिजिटल इक्लिप्स या कंपनीने हा गेम नव्या चित्रांसह पुन्हा काढलाय आणि तो मूळ १९८१ च्या प्रोग्रामवरच उभा आहे, खेळता खेळता जुनी स्क्रीनसुद्धा बाजूला दिसते. त्यामुळे वहीतले नकाशे तिथे वापरून बघता येतील. नव्या आवृत्तीत तयार नकाशाची सोय आहे, ती उघडू नका. नवव्याचं पान अर्धं राहिलंय आणि दहावा आहेच. पेन्सिलनेच काढा.